मास्क आपला, फिन्स भाड्याचे: क्रूझवर पहिल्यांदा स्नॉर्केलिंगला निघालेल्यांसाठी

बाबांची मिशी जुन्या वळणाची, ओठांवर उतरलेली. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रँड केमन बेटावर भाड्याचा मास्क लावून ते पाण्यात उतरले आणि पहिली दहा मिनिटं त्यांनी मासे नाही, मास्कच्या आत चढत जाणारं पाणी पाहिलं. पाणी नाकापर्यंत आलं की डोकं वर, मास्क काढून ओतायचा, पुन्हा घालायचा. चौथ्या खेपेला शिंका देत बाहेर आले आणि पायरीवर बसून म्हणाले, "तुम्ही बघा मासे. मला ते जेवणात भेटतीलच." न्यू जर्सीहून मायामीपर्यंतचं विमान, सात दिवसांचं जहाज, महिनाभर केलेली तयारी, आणि सगळं अडलं ते सिलिकॉनच्या एका कडेपाशी.

आता ओळखीतलं कुणी कॅरिबियन क्रूझला निघालं आणि "स्नॉर्केलिंगचं सामान घेऊन जाऊ की तिथेच भाड्याने घेऊ?" असं विचारलं, की माझं उत्तर ठरलेलं असतं. स्नॉर्केलिंग म्हणजे मास्क लावून पाण्यावर पालथं तरंगायचं, तोंडातल्या नळीने श्वास घ्यायचा आणि खालचे मासे बघायचे. त्यात मास्क आणि नळी स्वतःची, फिन्स (पायात घालायचे रबरी पंख) शक्यतो भाड्याचे, तरंगायचं जॅकेट तिथलंच. का, ते क्रमाने सांगते. उदाहरणं कॅरिबियनची आहेत, कारण माझा अनुभव तिथला. पण मास्क चेहऱ्यावर नीट बसला पाहिजे हा नियम तारकर्लीलाही तोच आणि लक्षद्वीपलाही तोच.

१. खरेदीआधी बंदरांची यादी काढा

दुकानात जाण्याआधी जहाज कुठे कुठे थांबणार आहे ते कागदावर लिहा आणि प्रत्येक बंदरापुढे एकच गोष्ट नोंदवा: इथे आपण पाण्यात कसे उतरणार?

बोटीने नेणारी सहल घेतली, मग ती क्रूझ कंपनीची असो की बाहेरची, तर सामान बहुतेक वेळा तिकिटातच धरलेलं असतं. तुम्ही स्वतःचं नेलंत म्हणून पैसे कमी होत नाहीत. स्वतः टॅक्सी करून किनाऱ्यावर जाणार असाल तर मात्र भाडं वेगळं पडतं, आणि तिथे आपलं सामान असण्याचा खरा उपयोग होतो. तिसरा प्रकार क्रूझ कंपन्यांच्या खासगी बेटांचा, उदाहरणार्थ बहामातलं रॉयल कॅरिबियनचं कोकोके किंवा डिस्नेचं कॅस्टअवे के. तिथे सामान भाड्याने मिळतं, पण दिवसभर एकच दुकान, त्यामुळे दर त्यांचा आणि रांगही त्यांची.

काही ठिकाणी स्नॉर्केलिंग या शब्दाला फारसा अर्थ नसतो. ग्रँड केमनची 'स्टिंगरे सिटी' घ्या. समुद्रात मध्येच वाळूचा उथळ पट्टा आहे, कंबरभर पाणी, आणि पायांभोवती पाकट, म्हणजे स्टिंगरे, फिरत असतात. मालवणकडच्या माणसाला पाकट कालवणात माहीत असतो, इथे तो मांडीला घासून जातो. तिथे पोहायचं नसतं, उभं राहायचं असतं. फिन्सची गरज नाही, उलट पाकटावर पाय पडायची भीती. मास्क मात्र हवा, डोकं पाण्यात घालून बघायला.

त्याच केमनला, जॉर्जटाउनच्या धक्क्यापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर 'ईडन रॉक' आहे. पायऱ्यांनी थेट समुद्रात उतरायचं आणि काही हात पुढे गेलात की खाली प्रवाळ. बंदरातच 'काली' नावाच्या जुन्या गलबताचे अवशेष साधारण वीस फूट पाण्यात पडले आहेत. हे जहाज तांदूळ घेऊन जात होतं. पाणी शिरलं, तांदूळ फुगला आणि त्या फुगवट्याने जहाज फुटलं, असं तिथले लोक सांगतात. आईने हे ऐकून पहिला प्रश्न विचारला, "किती पोती?"

आमची यादी अशी झाली: मेक्सिकोतलं कोझुमेल स्वतःहून, ग्रँड केमन स्वतःहून, होंडुरासमधल्या रोआतानला बोटीची सहल, शेवटी खासगी बेट. म्हणजे चारपैकी तीन ठिकाणी भाड्याचा प्रश्न येणार होता. तुमच्या यादीत तीन बंदरांना बोटीच्या सहली असतील आणि चष्माही नसेल, तर पुढचं सगळं वाचून झाल्यावर काहीही विकत न घेण्याचा निर्णय अगदी शहाणपणाचा ठरेल.

२. मास्क: इथे काटकसर नको

मास्क ही चपलेसारखी वस्तू आहे. दुसऱ्याची बसली तर बसली. पाणी अडवते ती काच नव्हे, काचेभोवतीची सिलिकॉनची मऊ कड. ती कपाळ, गालफडं आणि नाकाखालची पट्टी या सगळ्यांवर एकसारखी टेकली पाहिजे. आपल्यात रुंद गालांचे लोक आहेत, अरुंद चेहऱ्याचे आहेत, नाकं तर विचारूच नका. भाड्याच्या दुकानात फार तर दोन-तीन मापं असतात.

बसतो की नाही हे बघायची पद्धत सोपी आहे आणि ती दुकानातच करायची. पट्टा डोक्यामागे घेऊ नका. मास्क नुसता चेहऱ्याला लावा, नाकाने हलका श्वास ओढा आणि हात सोडा. श्वास रोखून धरला आहे तोवर मास्क चेहऱ्याला चिकटून राहिला तर तो तुमचा. घसरला, किंवा कुठूनतरी हवा शिरल्याचा बारीक फुसफुस आवाज आला, तर दुसरा बघा. हे करताना केसांची एकही बट कडेखाली नको. आणि पट्टा घट्ट आवळून गळती थांबेल ही समजूत आधी डोक्यातून काढा. आवळल्याने कड दुमडते आणि जास्त गळते. वर कपाळावर लाल वळ उठतो, तो रात्रीच्या जेवणातल्या सगळ्या फोटोंत दिसतो.

मिशीवाल्यांचं काय? नाकाखाली जिथे कड टेकते तिथे केस असले की पाणी त्या केसांमधून वाट काढतं. पूर्ण मिशी उतरवायची गरज नाही. नाकपुड्यांच्या लगेच खाली काही मिलिमीटरची पट्टी तासली की कडेला टेकायला कातडी मिळते. एवढ्यासाठी बाबांशी दोन दिवस वाटाघाटी चालल्या. ते जमणार नसेल तर त्या जागी सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावतात. व्हॅसलिन लावायचा मोह टाळा, मास्कच्या भागांना ते सोसेलच असं नाही.

बायकांसाठी थोडं, कारण हे कुठल्याच दुकानात सांगत नाहीत. मोठी टिकली कडेखाली आली तर तिथूनच पाणी शिरतं. नाकातली चमकी मास्कच्या नाकाच्या खोळीला आतून घासते, दिवसभरात नाक हुळहुळं होतं. तेल लावलेल्या केसांवर पट्टा टिकत नाही, सारखा वर सरकतो. आणि मंगळसूत्र, बांगड्या केबिनच्या तिजोरीत ठेवून जा. एक तर पाण्यात निसटतात, शिवाय चकाकत्या वस्तूंकडे बॅराकुडा हा शिकारी मासा ओढला जातो म्हणून तिथले गाइडही दागिने काढायला सांगतात.

काच 'टेम्पर्ड' (कडक केलेली) आहे ना, ते बघून घ्या. तसं काचेवरच लिहिलेलं असतं. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला अदृश्य थर असतो, त्यामुळे तो पहिल्याच दिवशी वाफेने धुरकट होतो आणि लोक मास्कला शिव्या घालतात. घरी असतानाच साधी पांढरी टूथपेस्ट (आमच्याकडे कुठल्याही कंपनीची असली तरी ती 'कोलगेट') बोटाने आतल्या बाजूला चोळा, धुवा, असं तीन-चारदा करा. काच प्लास्टिकची असेल किंवा तिच्यावर धुकं न धरणारा लेप असेल तर हे करू नका, ओरखडे पडतील. नंतर रोज पाण्यात उतरण्याआधी आतून थुंकी किंवा पातळ केलेला बेबी शाम्पू फिरवून एकदाच हलकं विसळायचं. थुंकी म्हटल्यावर तोंड वाकडं करणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की भाड्याच्या मास्कमध्ये कालच्या माणसानेही हेच केलेलं असतं.

३. चष्मा असेल तर वाद संपला

घरात चष्म्यावाला असेल तर स्वतःचा मास्क घ्या आणि त्यात नंबरच्या काचा बसवून घ्या. चष्म्यावर मास्क बसत नाही, कारण काड्या कड उचलतात. कॉन्टॅक्ट लेन्स घालून समुद्रात उतरू नका असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, जंतुसंसर्गाची भीती असते.

पाण्यात हवेच्या मानाने सगळं साधारण एक तृतीयांश मोठं दिसतं, आणि जवळही. त्यामुळे एक-सव्वा नंबरवाल्याचं बिनचष्म्याचं भागतं. पण माझा नंबर उणे साडेतीन. मालवणला पहिल्यांदा उतरले तेव्हा बोटीवरचा पोरगा "ताई, तो बघा, तो बघा" करून ओरडत होता आणि मला खाली नुसती रंगीत रांगोळी फिसकटलेली दिसत होती.

काही कंपन्यांच्या मास्कमध्ये तयार नंबरच्या काचा बदलून बसवता येतात. त्या अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यात मिळतात, डाव्या-उजव्या डोळ्याला वेगवेगळ्या. तयार काचांमध्ये सिलिंडर, म्हणजे चष्म्याचा तिरकस नंबर, नसतो. तुमच्या चिठ्ठीवर सिलिंडर असेल तर तो निम्मा करून मुख्य नंबरात मिळवायचा: उणे तीन आणि सिलिंडर उणे एक असेल तर उणे साडेतीनची काच. पाण्यातल्या कामाला तेवढं पुरतं. सिलिंडर मोठा असेल तर काचा खास करून घ्याव्या लागतात, त्याला वेळ लागतो, म्हणून महिनाभर आधी ऑर्डर द्या. भाड्याच्या दुकानात कधी कधी नंबरचे मास्क असतात, पण आपलाच नंबर तिथे असेल यावर सहल ठरवू नका.

४. नळी

दुसऱ्याच्या दातांनी चावलेली वस्तू तोंडात धरायची, एवढ्यावरच बऱ्याच जणांचा निर्णय होतो. नळी स्वस्त असते, बॅगेच्या कडेला मावते, तर आपलीच न्या.

घेताना दोन गोष्टी बघा. वरच्या टोकाला लाट आली की आपोआप बंद होणारं झाकण, आणि तळाशी आत शिरलेलं पाणी फुंकून घालवायची झडप. नवख्याला दोन्ही हव्यात. नळी फार लांब किंवा फार बारीक नको, कारण तिच्यात अडकलेली वापरलेली हवा आपण पुन्हा ओढतो आणि श्वास घ्यायला जोर लागतो.

पूर्ण चेहऱ्याच्या मास्कबद्दल सगळेच विचारतात. डेकॅथलॉनने २०१४ साली 'ईझीब्रेथ' आणला आणि मग त्याच्या शेकडो नकला आल्या. नाकाने श्वास घेता येतो, तोंडात काही धरावं लागत नाही, म्हणून घाबरणाऱ्यांना तो आवडतो. मला तो पटत नाही. दाढी-मिशीत तो गळतोच. कान दाबले गेले तर नाक चिमटीत धरता येत नाही, म्हणून खाली बुडी मारता येत नाही. गडबड झाली तर नळी जशी थुंकून टाकता येते तसा तो एका क्षणात दूर होत नाही. आणि स्वस्त नकलांमध्ये आत सोडलेली हवा बाहेर जायची सोय नीट असेल याची खात्री कोण देणार? शिवाय काही सहलवाले त्यांच्या बोटीवर हा मास्क घालूच देत नाहीत. तोच एकटा घेऊन गेलात आणि त्यांनी नाही म्हटलं, तर पुन्हा भाड्याच्या रांगेत.

नळीचा विषय निघालाच आहे तर एक गंभीर गोष्ट. हवाई बेटांवर स्नॉर्केलिंगमधल्या मृत्यूंचा अभ्यास झाला, त्यात असं पुढे आलं की पाणी नाकातोंडात न जाताही माणसं दगावतात. नळीतून श्वास ओढायला पडणारा जोर, आधीचा हृदयविकार आणि दमछाक एकत्र आली की फुप्फुसांत झपाट्याने पाणी साठू शकतं. म्हणून साठीच्या पुढच्यांनी, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून जावं. पाण्यात विनाकारण धाप लागली, अंगातला जोर गेल्यासारखं वाटलं, तर थांबायचं, पाठीवर उताणं व्हायचं, नळी काढायची, हात वर करून मदत मागायची आणि बाहेर यायचं. "जरा दम खाऊन परत जातो" हे त्या दिवशी नाही.

५. फिन्स

इथे मी भाड्याच्या बाजूची. फिन्स जड, लांब आणि बॅगेत आडवे-तिडवे. अमेरिकेतल्या अंतर्गत विमानात बहुतेकदा पहिल्या बॅगेलाच पैसे घेतात. चार जणांच्या फिन्ससाठी एक बॅग वाढली तर जाऊन-येऊन जेवढे पैसे जातील तेवढ्यात तीन बंदरांवर फिन्स भाड्याने मिळतात. शिवाय फिन्स थोडे सैल-घट्ट असले तरी चालतात. मास्कसारखं मिलिमीटरवर अडत नाही.

अपवाद दोन. पाय फार मोठा किंवा फार लहान असेल तर तुमचं माप संपलेलं असण्याची शक्यता मोठी. आणि बोनेअरसारख्या बेटावर जाणार असाल तर. तिथे रस्त्याच्या कडेला पिवळ्या रंगवलेल्या दगडांवर पाण्यात उतरायच्या जागांची नावं लिहिलेली असतात. गाडी थांबवायची आणि उतरायचं. पण किनारा वाळूचा नाही, मेलेल्या प्रवाळाच्या धारदार तुकड्यांचा आहे. तिथे जाड तळाचे बूट आणि त्यावर चढणारे मागून पट्ट्याचे फिन्स लागतात. असे आखूड 'ट्रॅव्हल फिन्स' मिळतात, ते साध्या बॅगेत मावतात. अनवाणी पायावर चढणारे फिन्स घेतलेत तर पातळ मोजे घाला, नाहीतर टाचेला फोड ठरलेला.

कोझुमेलला प्रवाह जोरदार असतो, तिथे फिन्स घातल्याशिवाय लांब जाऊ नका. उथळ, शांत किनाऱ्यावर लहान मुलांना फिन्सशिवायच सोडलं तरी बिघडत नाही. मुलं फिन्स घालून प्रवाळावर उभी राहतात आणि शेकडो वर्षं वाढलेली गोष्ट एका लाथेत मोडतात.

जॅकेट तिथलंच घ्या. खासगी बेटांवर आणि सहलींत ते बहुधा सक्तीचं असतं आणि मिळतंही. पोहता न येणाऱ्याने तोंडाने फुगवायच्या पातळ व्हेस्टवर विसंबू नये, फोमचं मागावं.

६. पैशांचा हिशोब

किनाऱ्यावरच्या दुकानांत पूर्ण सेट साधारण १० ते २० डॉलरला दिवसभर मिळतो. आम्ही १५ धरले. चार माणसं, तीन बंदरं: १८० डॉलर. बरा मास्क आणि नळी मिळून माणशी ५० धरले तर २०० डॉलर, वर फिन्सचं भाडं वेगळं. म्हणजे पहिल्या सहलीत स्वतःचं सामान घेऊन बचत होत नाही, हे सरळ मान्य करा. दुसऱ्या सहलीपासून होते. चष्म्याच्या काचा घातल्या तर आणखी उशिरा.

मग का घ्यायचं? बंदरात जहाज सात-आठ तास उभं असतं. त्यातून उतरणं, टॅक्सी आणि परतीची घाई वजा केली तर पाण्यासाठी दोन-तीन तास उरतात. त्यातला अर्धा तास दुकानात मास्क बदलण्यात गेला तर तो कुठल्या खात्यात धरायचा? मी पैशांच्या नव्हे, या तासांच्या हिशोबाने घेतलं.

एक तडजोड चालते: चष्म्यावाले आणि मिशीवाले यांनी मास्क घ्यायचे, बाकीच्यांनी पहिल्या सहलीत भाड्याने भागवून आवड बघायची. वाढत्या वयाच्या मुलांना महागडा मास्क घेऊ नका, दोन वर्षांत लहान होतो. पण मोठ्यांचा मास्क मुलांना घालू नका, तो गळणारच. आणि विंडस्टारसारख्या काही छोट्या जहाजांवर सामान फुकट वापरायला मिळतं, तेव्हा बुकिंग करतानाच विचारा.

७. निघण्याआधी टँकमध्ये एक तास

समुद्रात पहिल्यांदाच मास्क घालणं म्हणजे घाटात गाडी शिकणं. जवळच्या स्विमिंग टँकच्या उथळ कडेला जा. जहाजावरच्या टँकवर भरवसा ठेवू नका, तिथे मास्क-फिन्स घालू देतीलच असं नाही.

आधी उभं राहून, चेहरा पाण्यात घालून, पाच मिनिटं नुसता तोंडाने श्वास. मग मास्कमध्ये मुद्दाम थोडं पाणी घ्या, वरची कड कपाळाला दाबून धरा, मान किंचित वर करा आणि नाकाने फुंका. पाणी खालून निघून जातं. हे एकदा जमलं की भीती अर्धी होते. नळीत पाणी आलं तर "फू" करून एक जोरदार फुंकर. बाबांनी हे ठाण्याच्या टँकमध्ये केलं, सकाळच्या बॅचमधल्या आजोबांनी त्यांना "कुठे, चंद्रावर निघालात का?" असं विचारलं.

८. बॅग आणि केबिन

मास्क हातातल्या बॅगेत ठेवा, त्याच्या कडक डबीत. अमेरिकेतल्या विमानतळांवर मास्क-नळी आत नेता येते. मोठी बॅग जहाजावर चढताना हमालाकडे दिली की ती केबिनशी संध्याकाळपर्यंत येते, विमानात हरवली तर येतच नाही. नंबरच्या काचांचा मास्क तिच्यात टाकणं म्हणजे चष्मा पोस्टाने पाठवणं. पट्टा तुटतो, म्हणून एक जादा पट्टा ठेवा.

केबिनमध्ये ओलं सामान ही डोकेदुखी. जागा एवढीशी, आणि बाल्कनीच्या कठड्यावर वाळत घालायला बहुतेक कंपन्यांची मनाई, वाऱ्याने उडतं. पण केबिनच्या भिंती बहुधा लोखंडी असतात. चार लोहचुंबकी हूक नेले की मास्क, नळ्या, पोहण्याचे कपडे सगळं भिंतीवर टांगता येतं. शॉवरमध्ये ओढून लावायची दोरीही बहुधा असते. रोज परतल्यावर सिंकमध्ये गोडं पाणी भरून मास्क-नळी बुडवून ठेवा. मिठाचे कण वाळले की झडपेत बसतात.

स्वतःचं सामान नेण्याची एक जबाबदारीही आहे. २०१४ मध्ये मायामीजवळ प्रवाळांचा एक रोग दिसला, त्यात दगडी प्रवाळांच्या अंगावरचा जिवंत थर झडतो. तो नंतर कॅरिबियनभर पसरला. एका बंदरातलं ओलं सामान दुसऱ्या बंदरात तसंच बुडवलं तर आपणही वाहक होऊ शकतो. म्हणून दोन बंदरांच्या मध्ये नुसतं विसळून न थांबता निर्जंतुक करा, पुन्हा धुवा आणि पूर्ण वाळवा.

९. बंदरावर उतरल्यावर

परतायची वेळ जहाजाच्या घड्याळाने असते, तुमच्या फोनच्या नाही. कोझुमेल ज्या किंताना रू राज्यात आहे तिथे २०१५ पासून वर्षभर एकच वेळ चालते, म्हणून उन्हाळ्यात ते फ्लोरिडाच्या, म्हणजे बहुधा आपल्या जहाजाच्या, एक तास मागे असतं. फोन आपोआप बदलतो आणि तुम्ही एक तास उशिरा धक्क्यावर येता. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा.

सनस्क्रीनचे नियम बघून घ्या. अमेरिकन व्हर्जिन बेटांवर २०२० पासून प्रवाळांना घातक मानलेली ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट आणि ऑक्टोक्रिलीन असलेल्या क्रीमवर बंदी आहे. कोझुमेलच्या चांकानाब उद्यानात तर पाण्यात उतरताना सनस्क्रीन नकोच म्हणतात. लांब बाह्यांचा रॅश गार्ड (पोहताना घालायचा अंगाबरोबरचा शर्ट) घाला. पालथं पोहताना पाठ आणि पोटऱ्या भाजतात, आणि ते रात्री झोपताना कळतं. बोनेअरला पाण्यात उतरण्याआधी निसर्ग-शुल्क भरावं लागतं आणि हातमोजे घालायला बंदी आहे, म्हणजे कुणी प्रवाळ धरणार नाही.

भाड्याचं सामान घेत असाल तर टेबलावरच तपासा. मास्कची कड बोटाने फिरवून बघा, फाटलेली किंवा कायमची दुमडलेली नको. पट्टा ताणा, बारीक चिरा दिसल्या तर परत द्या. नळीचं वरचं तोंड तळहाताने बंद करून श्वास ओढा. हवा आली तर कुठेतरी गळती आहे. तोंडात धरायच्या भागाचे रबरी दातरे तुटलेले नकोत. अनामत म्हणून पासपोर्ट मागितला तर देऊ नका, रोख रक्कम ठेवा. आणि जहाजातून शक्यतो पहिल्या खेपेतच उतरा. दहानंतर दुकानात उरलेले मास्क म्हणजे सगळ्यांनी नाकारलेले मास्क.

दोन वर्षांनी कोझुमेलला बाबा नव्या मास्कसह, तासलेल्या मिशीसह उतरले. वीस मिनिटं डोकं वर आलंच नाही, मी घाबरून दोनदा पाय ओढला. वर आले ते म्हणाले, "खाली कुणीतरी चिवडा खातंय." पोपटमासा प्रवाळ कुरतडत होता, तो आवाज पाण्यात खरंच ऐकू येतो.

१०. शेवटची रात्र

हे कुणी सांगत नाही आणि सगळे फसतात. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दहा-अकराच्या सुमारास केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. शेवटचं बंदर त्याच दिवशी असेल, बहामातल्या खासगी बेटाचं बऱ्याचदा तसंच असतं, तर सामान ओलंच राहतं. आम्ही ते मोठ्या बॅगेत कोंबलं. न्यू जर्सीला पोचून बॅग उघडली तर कपड्यांना सुक्या बोंबलाचा वास. ओलं सामान झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून हातातल्या बॅगेत ठेवा, आणि घरी पोचल्यावर बाकी काही करण्याआधी ते बाहेर काढा.

मग बादलीत कोमट पाण्यात तासभर भिजवा, उन्हात नव्हे तर सावलीत वाळवा, आणि मास्क त्याच्या डबीत ठेवा. वर जड वस्तू ठेवलीत तर कड दबून तशीच राहते. पारदर्शक आणि काळ्या सिलिकॉनचे मास्क एकत्र ठेवू नका, काळा रंग उतरतो. आमच्या डब्या कपाटात वरच्या फळीवर, सोऱ्याच्या डब्याशेजारी असतात. कुणाचा कुठला ते कळावं म्हणून लेकीने पट्ट्यांवर नेलपॉलिशने अक्षरं काढली आहेत. बाबांच्या पट्ट्यावर अक्षर नाही, मिशी आहे.